घाटातले वाटाडे

परवा माझ्या भाच्याचा नॉर्वेहून फोन आला. तो तिकडे नोकरीला असतो. सुट्टीत चार दिवस डोंगरात पायी हिंडायचं म्हणून त्यानं आखणी केली होती, आणि ती मोठ्या हौसेनं मला वाचून दाखवत होता. पहिल्या दिवशी किती किलोमीटर, मुक्काम कुठल्या झोपडीत, ओढा कुठे ओलांडायचा, हवा बिघडली तर मागे कुठून फिरायचं. सगळं कागदावर. मग म्हणाला, ‘‘मामू, तुम्ही कर्जत-खालापूरचे डोंगर एवढे हिंडलात. तुमची आखणी कशी असायची?’’

मी म्हटलं, ‘‘आमची आखणी दोन शब्दांची. सकाळची एसटी.’’

तो हसला, मीही हसलो. पण फोन ठेवल्यावर वाटलं, हे खरं नाही. आमच्या या मुलखात डोंगर चढण्याची आखणी दोन हजार वर्षं चालू आहे. कुणी ती नीट केली, कुणी चुकवली, आणि चुकवणाऱ्यांचा तर इतिहास झाला. मी काही इतिहासकार नव्हे. बी. ए.पर्यंत शिकलेला, कविता लिहिणारा माणूस आहे. पण जन्म खोपोलीच्या अंगाला गेला. डोळे उघडले की समोर बोरघाट. तेव्हा या वाटांविषयी चार गोष्टी मी आपल्याला सांगू शकतो.

आधी नॉर्वेचं सांगतो, कारण ते ऐकून मला हेवा वाटला. तिथे पायी हिंडणाऱ्यांची एक संस्था १८६८ साली स्थापन झाली. तिनं डोंगरभर झोपड्या बांधल्या, आणि वाटेवरच्या दगडांवर तांबड्या रंगात इंग्रजी टी अक्षर रंगवून ठेवलं. ते अक्षर दिसत राहिलं की आपण वाटेवर आहोत असं समजायचं. काही झोपड्यांत राखणदारही नसतो. आपल्या किल्लीनं कुलूप उघडायचं, आत ठेवलेला शिधा शिजवून खायचा, हिशेब आपणच लिहायचा आणि पैसे भरायचे. १९५७ साली त्यांनी कायदाच केला की मोकळ्या रानात कुणालाही चालायचा हक्क आहे. डोंगरात कसं वागावं याचे नियमही त्यांनी १९५२ पासून छापले आहेत. त्यातला एक मला फार आवडला. वेळेवर मागे फिरा, त्यात लाज कसली, असा त्याचा अर्थ.

हा नियम कारतलबखानाला कुणी सांगितला असता तर उंबरखिंड घडली नसती.

उंबरखिंड आमच्या खालापूर तालुक्यात आहे. खोपोलीहून पालीच्या रस्त्यानं जाऊन शेमडीला आत वळलं की चावणी गाव लागतं. तिथेच अंबा नदीच्या खोऱ्यात ही खिंड. १६६१ सालची गोष्ट. शायिस्तेखान पुण्यात ठाण मांडून बसला होता. त्यानं कारतलबखान नावाच्या उझबेक सरदाराला कोकणात उतरायला सांगितलं. सोबत मोठी फौज, आणि फौजेत रायबागन ही माहूरकडची शूर सरदारीण. सरावाची बोरघाटाची वाट सोडून खानानं लोणावळ्याजवळच्या कुरवंड्याहून खाली उतरणारी वाट धरली. गुपचूप उतरू, कुणाला पत्ता लागणार नाही, हा त्याचा हिशेब. पण एवढी फौज, तिचे घोडे, तिचं ओझं गुपचूप कसं उतरणार? वरच्या पठारावर ती निघाली तेव्हाच खाली खबर पोहोचली असणार.

वाट एका माणसामागे एक माणूस अशी. दोन्ही बाजूंना दाट रान. माघ महिना, म्हणजे आमच्याकडचे ओढे आटू लागायचे दिवस. दुपारी खिंडीत वारा पडतो आणि दगड तापतो. परमानंद कवीनं ‘शिवभारता’त या प्रसंगाचं वर्णन केलं आहे. त्यातही रान बिनवाऱ्याचं आहे आणि फौज तहानेनं कासावीस आहे. पुढे तोंडाशी शिवाजी महाराज, मागे नेताजी पालकर. २ फेब्रुवारी १६६१ रोजी फौज अशी कोंडली की पुढेही जाता येईना आणि मागेही. अखेर रायबागननंच खानाची कानउघाडणी केली आणि त्याला शरण जायला लावलं. महाराजांनी सामानसुमान ठेवून घेतलं आणि माणसांना जाऊ दिलं.

आम्ही शाळेत असताना गुरुजी हा प्रसंग रंगवून सांगायचे. आमच्याच तालुक्यातला म्हणून अधिकच. खानाची फजिती आली की वर्गातली चार-सहा पोरं मान वळवून माझ्याकडे बघायची आणि खुदखुदायची. एकदा गुरुजींनी ते पाहिलं. त्यांनी खडू खाली ठेवला आणि म्हणाले, ‘‘अरे, खानाच्या फौजेत मराठेही होते आणि त्याला शहाणपण सांगणारी बाई रायबागन होती. खान हरला तो पाणी आणि वाट न विचारल्यामुळे. उद्या तुम्ही सहलीला जाल आणि पाणी विसराल, तर तुमचाही कारतलबखान होईल.’’ वर्ग हसला. मीही हसलो, त्या दिवशी मोकळेपणानं.

पाणी आणि वाट. या डोंगरातली सगळी आखणी या दोन शब्दांत येते. जुन्या लोकांना ते ठाऊक होतं. राजमाचीच्या पायथ्याला, कर्जत तालुक्यातल्या कोंदिवड्याच्या वर, कोंढाणे लेणी आहेत. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या आसपासची. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून निघालेला माल आणि माणसं घाट चढून वर कार्ले-भाजे-बेडशाकडे जायची, त्या वाटेजवळ हा विसावा. उल्हास नदीचं खोरं समोर, पाणी जवळ, आणि चढ सुरू होण्याआधी टेकायला जागा. दर्शनी भागाजवळ एका भग्न शिल्पाशेजारी ब्राह्मी लिपीत एक ओळ कोरलेली आहे. कण्ह याचा शिष्य बलुक यानं हे केलं, असा तिचा अर्थ. दोन हजार वर्षांमागचं एका कारागिराचं नाव! पहिल्यांदा ते कळलं तेव्हा मी त्या अक्षरांसमोर बराच वेळ उभा राहिलो होतो. राजांची नावं राहतात, त्यात नवल नाही. छिन्नी धरणाऱ्याचं राहिलं.

खोपोलीलाही असाच विसावा आहे. नाना फडणविसांनी बांधलेलं महादेवाचं देऊळ आणि त्यापुढचं मोठं तळं. आज त्याकडे आपण शहरातलं तळं म्हणून पाहतो. पण ते घाटाच्या अगदी पायथ्याशी आहे. पुण्याहून उतरलेला माणूस तहानलेला यायचा, आणि मुंबईकडून आलेल्याला चढायच्या आधी जनावरांना पाणी पाजायचं असायचं. नानांनी धर्मकार्य केलं असेल, पण वाटेची नस त्यांना बरोबर कळली होती.

तर पाणी राखणारे नाना इतिहासात राहिले. वाट दाखवणाऱ्याचं काय झालं?

माथेरानचीच गोष्ट घ्या. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट यानं मे १८५० मध्ये माथेरान ‘शोधलं’ असं आपण पुस्तकात वाचतो. साहेबाचा मुक्काम आमच्या चौकला होता. संध्याकाळी फिरायला म्हणून तो डोंगराकडे गेला, जागा आवडली, आणि मग माथ्यापर्यंत चढला. आता गंमत पाहा. माथेरानच्या रानात तेव्हा माणसं राहत होती. धनगर होते, ठाकर होते. त्यांच्या पायवाटा होत्या. साहेबाला वर जायला वाट सापडली ती कुणाच्या तरी पायांनी मळलेली होती म्हणूनच. पण शोध साहेबाच्या नावावर लागला. पुढे १९०७ साली आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यानं नेरळहून वर आगगाडी नेली आणि हवा खायला जाणाऱ्यांची चढणच संपली. पीरभॉय यांचं नाव आम्ही घरात अभिमानानं घ्यायचो, तेही खरं.

बोरघाटाचंही तेच. १८३० साली घाटातून गाडीरस्ता झाला, १८६३ साली आगगाडी चढली. जुन्या रस्त्यानं घाट चढताना शिंगरोबाचं देऊळ लागतं. हा शिंगरोबा धनगर होता. साहेबांना घाटातून वर जायची वाट सापडेना, ती यानं गुरांमागे हिंडता हिंडता ठाऊक झालेल्या पायवाटेवरून दाखवली, आणि बक्षीस माग म्हटल्यावर देशाचं स्वातंत्र्य मागितलं म्हणून त्याला गोळी घातली, अशी लोककथा आहे. कागदोपत्री पुरावा मागाल तर तो या कथेला नाही. मी ती इतिहास म्हणून सांगत नाही. पण ट्रकवाले आजही तिथे थांबतात, नाणं टाकतात, हात जोडतात. मला वाटतं, दप्तरानं ज्याची नोंद केली नाही त्याची नोंद लोकांनी देवळात केली.

या वाटांचा वापर सरकारविरुद्धही झाला. माथेरानचे भाई कोतवाल आणि त्यांचा आझाद दस्ता १९४२ मध्ये याच रानात वावरत होता. मुंबईला वीज नेणारे मनोरे त्यांनी पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या जंगलात कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळीबारात शहीद झाले. काही महिने ही माणसं डोंगरात लपून राहिली, चालत राहिली. रानातल्या वाड्यांच्या आधाराशिवाय हे कसं शक्य होतं? कुणी भाकरी दिली असेल, कुणी रात्रीची वाट दाखवली असेल. आज आपण दोन हुतात्म्यांची नावं घेतो आणि ती घ्यायलाच हवीत. भाकरी देणाऱ्या बाईचं नाव मात्र कुठल्या पाटीवर नाही.

मौजेसाठी डोंगर चढणं हे आपल्याकडे तसं अलीकडचं. मुंबईत गिरिविहार ही संस्था १९५४ साली निघाली. कर्जतच्या गाडीत शनिवारी रात्री पाठीवर पिशव्या घेतलेली पोरं दिसू लागली. गो. नी. दांडेकरांनी तर किती जणांना गडांचं वेड लावलं. त्यांची ‘माचीवरला बुधा’ ही कादंबरी १९५८ साली आली, ती आमच्या राजमाचीवरची. ती वाचून राजमाचीला गेलेले लोक मला भेटले आहेत. उधेवाडीत उतरून ते ‘बुधाचं घर कुठलं’ असं विचारायचे. कादंबरीतल्या माणसाला मात्र लोकांनी नावानं शोधलं, पाहा.

भक्त मंडळी तर त्याही आधीपासून चालत होती. महाशिवरात्रीला खांडसहून भीमाशंकर चढणारे म्हातारे-म्हाताऱ्या मी लहानपणापासून पाहिल्या आहेत. शिडीच्या घाटानं तरण्यांनी जावं, गणपतीच्या घाटानं पोराबाळांनी, ही त्यांची आखणी कुठल्या पुस्तकात नव्हती, पण पक्की होती. आणि ढाकच्या बहिरीच्या गुहेत स्वयंपाकाची भांडी असतात. कातळातून जीव मुठीत धरून तिथे पोहोचायचं, ती भांडी वापरायची, घासून पुन्हा जागेवर ठेवायची. देवाची भांडी, कोण चोरणार? भाच्यानं नॉर्वेच्या झोपडीतल्या शिध्याचं कौतुक सांगितलं, तेव्हा मी त्याला बहिरीची भांडी ऐकवली. तो जरा गप्प झाला.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. सांगायला संकोच वाटतो, पण सांगतो.

१९८९ चा ऑगस्ट. आम्ही कॉलेजातले पाच मित्र इर्शाळगडावर निघालो. अम्मीनं तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी बांधून दिली होती. एकाकडे दोन सेलची बॅटरी, एकानं घरच्या विहिरीचा दोर उचलून आणलेला. पायात तिघांच्या स्लिपरा. एसटीनं चौकला उतरलो आणि चढायला लागलो. खाली आज मोरब्याच्या धरणाचं पाणी दिसतं, ते तेव्हा नव्हतं. भाताची हिरवी खाचरं होती. पाऊण डोंगर चढल्यावर इर्शाळवाडी लागली. ठाकरांची वाडी. कुडाची घरं, अंगणात कोंबड्या. ओसरीवर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं हाक मारून आम्हाला आत घेतलं. त्याच्या सुनेनं कोरा चहा दिला.

आम्ही म्हटलं, ‘‘बाबा, नेढ्यापर्यंत जायचंय.’’ इर्शाळच्या सुळक्याला आरपार भोक आहे, त्याला नेढं म्हणतात. त्यानं आमच्या पायांकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘‘आज नको, पोरांनो. आज नेढ्यात वारा आहे.’’

आम्हाला राग आला. एवढं चढून आलो आणि हा कोण सांगणारा? आम्ही निघालोच. तो काही बोलला नाही. डोक्यावर इरलं घेतलं, हातात कोयता घेतला आणि आमच्या पुढे चालू लागला. सुळक्याच्या बुडाशी त्यानं आम्हाला नेलं. तिथे ढगानं सगळं गिळलं होतं आणि वरून वाऱ्याचा असा आवाज येत होता की आमच्यापैकी एकही पुढे सरकेना. त्यानं एका शब्दानं आम्हाला टोचलं नाही. वळला, आम्ही त्याच्या मागे वळलो. वेळेवर मागे फिरण्यात लाज नसते हे आम्हाला नॉर्वेच्या छापील नियमानं नव्हे, त्या पाठमोऱ्या इरल्यानं शिकवलं. उतरताना आम्ही पैसे काढले. त्यानं घेतले नाहीत. एकाच्या खिशात तंबाखूची पुडी होती, ती घेतली आणि हसला.

त्याचं नाव आम्ही विचारलं नाही. पाचांतल्या एकालाही सुचलं नाही.

त्यानंतर इर्शाळ म्हणजे मुंबईकरांचा आवडता ट्रेक झाला. वाडीत चहा मिळतो, आधी सांगितलं तर पिठलं-भाकरी मिळते, वाट दाखवायला पोरगा येतो, हे सगळ्यांना ठाऊक झालं. प्रत्येकाच्या आखणीच्या कागदावर इर्शाळवाडी असायची. नाश्ता म्हणून, किंवा पाणी म्हणून.

१९ जुलै २०२३ च्या रात्री अकराच्या सुमाराला त्या वाडीवर दरड कोसळली. माणसं झोपेत होती. वर जायला रस्ता नव्हता, म्हणून दरड उपसायची मोठी यंत्रं वर नेता आली नाहीत. हवा अशी की हेलिकॉप्टर उतरेना. बचाव पथकं तीच वाट चढून गेली जी आम्ही स्लिपरा घालून चढलो होतो, आणि फावड्या-कुदळींनी, हातांनी माती उपसू लागली. चढताना अग्निशमन दलाचे एक अधिकारी कोसळले आणि गेले. आसपासचे गिर्यारोहक धावून गेले, ज्यांना ती वाट पाठ होती. २७ मृतदेह मिळाले. ५७ माणसं मातीखालीच राहिली. चौथ्या दिवशी शोध थांबवला. दरडी कोसळू शकतील अशा गावांच्या सरकारी यादीत इर्शाळवाडीचं नाव नव्हतं.

त्या दिवसांत वर्तमानपत्रात मेलेल्यांची आणि हरवलेल्यांची नावं येत होती. मी सकाळी चष्मा लावून ती यादी वाचायला बसायचो. माझा म्हातारा तर केव्हाच गेला असणार. पण त्याचा मुलगा असेल, चहा देणारी ती सून आता साठीला आली असेल, नातू असतील. मी यादीवरून बोट फिरवत होतो आणि मला कळत नव्हतं की मी शोधतोय काय. नावच माहीत नाही, तर कुणाच्या नावापाशी थांबायचं? माझी बायको म्हणाली, ‘‘कुणी ओळखीचं आहे का त्यात?’’ मी म्हटलं, ‘‘आहे.’’ तिनं विचारलं, ‘‘कोण?’’ मला सांगता आलं नाही.

चौतीस वर्षांत आम्ही किती आखण्या केल्या. गाडी कधीची, पाणी किती, शेवटची लोकल किती वाजता. परत सुखरूप कसं यायचं याचा विचार प्रत्येक कागदावर होता. ज्या घरातून चहा यायचा, ते घर कुठल्या उतारावर उभं आहे, याचा विचार एकाही कागदावर नव्हता. तो आम्ही करायचा होता की सरकारनं, हा वाद घालता येईल. मी सरकारला मोकळं सोडत नाही. पण त्या डोंगराकडे निरखून बघणारे, त्याचे फोटो काढणारे आम्हीच तर होतो.

भाचा डिसेंबरात घरी येतोय. त्याला उंबरखिंड पाहायची आहे, कुरवंड्याहून उतरून चावणीला, खानाच्या वाटेनं. त्यानं मलाच आखणी करायला सांगितली आहे. मी कागद घेतला. सकाळी लवकर निघायचं, माणशी तीन लिटर पाणी, उन्हाच्या आत खिंडीत, काळोखाच्या आत गावात. त्याच्या वरची पहिली ओळ मी रिकामी ठेवली. तिथे फक्त ‘वाटाड्या’ एवढं लिहिलं आणि पुढे दोन टिंबं दिली. कागदाचा फोटो काढून त्याला पाठवला, तर लगेच फोन आला.

‘‘मामू, पहिली ओळ रिकामी राहिली.’’

मी म्हटलं, ‘‘राहिली नाही. येत्या गुरुवारी चावणीला जाऊन विचारून येतो.’’